बेड अकराचा डबा

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता रस्त्यावर कोण असतं? कुत्रंसुद्धा नसतं. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीवाले सावली बघून वीस हात मागंच थांबतात. अशा दुपारी अक्षता बिराजदार अंगात स्वेटर घालून बसली होती. डोकं फिरलं नव्हतं बिचारीचं. एका खासगी हॉस्पिटलच्या तळघरात सर्व्हर रूम होती, तिथला एसी कायम अठरावर असायचा, आणि तिथंच तिची नऊ वर्षांची नोकरी होती.

कामही काही जगावेगळं नव्हतं. वरून लॅबमधल्या पूनमचा फोन आला होता.

"मॅडम, रिपोर्ट निघेनात की ओ. नुसतं गोल गोल फिरतंय."

"बघते."

"लवकर बघा. चार वाजता सर एक पेशंट टेबलावर घेणारेत. त्याच्या रक्ताचं सगळं यातच अडकलंय."

"बघते म्हणलं की, पूनम."

आता हे समजायला कम्प्युटरची पदवी लागत नाही, ऐका. त्या खोलीत एकच मोठं मशीन होतं, आणि त्याच्या पोटात आठ मशिनं. दिसायची नाहीत, हात लावता यायचा नाही, पण होती. बिलांचं एक, औषधांचं एक, एक्स-रेचं, लॅबचं, असं एकेका खात्याचं. एखादं अडकलं तर तेवढंच बंद करून परत चालू करायचं. हे ज्या प्रोग्रॅममधून करायचं त्याला त्या खोलीत सगळे 'मुकादम' म्हणत. मुकादम उघडला की तो आधी हजेरी घ्यायचा. प्रत्येक मशिनला हाक मारायची, त्याची ओ यायची वाट बघायची, सगळ्यांची ओ आली की यादी दाखवायची. त्या यादीतूनच पुढचं सगळं.

त्या दुपारी मुकादम उघडला आणि तसाच उभा राहिला. पांढरी मोकळी खिडकी, खाली 'जोडत आहे' एवढे दोन शब्द. यादी नाही, काही नाही. अक्षतानं दुसऱ्या वाटेनं, म्हणजे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून यादी मागितली. तिथंही तेच. कर्सर लुकलुकत राहिला आणि ओळ काही उमटेना.

मुकादम बंद करून परत चालू केला. क्षणभर बरा वाटला, परत अडकला. तिला वैताग आला नाही. तिला हल्ली कशाचाच वैताग येत नसे, आनंदही होत नसे. चहानं जीभ भाजली की दिवसभर कशाची चव लागत नाही, तसं तिचं चार वर्षं चाललं होतं. आईनं स्थळं आणायचं सोडलं होतं, मैत्रिणींनी फोन करायचं सोडलं होतं. काम मात्र ती चोख करायची.

तिनं मुकादमची रोजनिशी उघडली. तो काय करतो ते ओळीओळीनं तिथं लिहिलं जातं. पहिल्या मशिनची ओ आली, दुसऱ्याची आली. अशा आठही आल्या होत्या. लॅबचं मशीन रडतखडत का होईना, पण ओ देत होतं. मुकादम अडकला होता नवव्यापाशी.

नववं नव्हतंच मुळी.

तिनं ओळ पुन्हा वाचली. नाव होतं 'वॉर्ड-तीन'. कधीपासून चालू, तर एप्रिल दोन हजार एकवीस. अक्षतानं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. हे होणं शक्य नव्हतं. मधल्या काळात ते मोठं मशीनच तीनदा पूर्ण बंद करून उघडलं होतं, धूळ झाडली होती, पंखे बदलले होते. खोकंच विझलं तर पोटातलं जागं कसं राहील?

वॉर्ड तीन तिला माहीत होता. जुन्या इमारतीतला तिसरा मजला. कोरोनात तिथं बारा बेड टाकले होते, आणि त्यांची नोंद ठेवायला हे मशीन तिनंच एका रात्रीत उभं केलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत वॉर्ड मोडला, तेव्हा तिनंच ते बंद करून पुसून टाकलं होतं.

इथं एक रीत सांगायला पाहिजे. तिच्या आधी चनमल्लप्पाकाका तिथले मुख्य होते. एकदा कुणीतरी ऑपरेशन चालू असताना थिएटरचं मशीन बंद केलं, पेशंट थोडक्यात वाचला. तेव्हापासून काकांनी नियम घातला. कुठलंही मशीन जबरदस्तीनं बंद करायचं तर आधी त्या खात्याला फोन लावायचा. तिथल्या माणसानं तोंडानं हो म्हटलं पाहिजे, आणि त्याचं नाव वहीत शेवटच्या रकान्यात लिहायचं. काका म्हणायचे, "अव्वा, यंत्र बंद करायला माणसाचा होकार लागतोय. न्हायतर आपण कोण?" काका रिटायर झाले, वही राहिली. अक्षता कधी नियमाबाहेर गेली नाही.

एकदाच गेली होती. तिनं वही काढून मागची पानं चाळली. फेब्रुवारी दोन हजार बावीस, 'वॉर्ड-तीन, कायमचे बंद'. पुढं होकार देणाऱ्याचं नाव, तर रकाना मोकळा. वॉर्डात कुणी उरलंच नव्हतं, तर विचारायचं कुणाला? सबंध वहीत तेवढा एकच रकाना मोकळा होता.

पुन्हा पूनमचा फोन. "मॅडम, झालं का? सर विचारायलेत."

"होतंय."

नववं मशीन मारून टाकलं की मुकादम मोकळा होणार, मग लॅब सुरू करायला दोन मिनिटं. तिनं काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला. एंटर दाबायचं बाकी होतं. आणि हात सवयीनं फोनकडं गेला. वॉर्ड तीनचा नंबर बोटांना पाठ होता, तीन-एक-एक. जुन्या इमारतीच्या वायरी कधीच उपसून भंगारात गेल्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. तरी लावला. नियम तो नियम.

पलीकडं रिंग वाजली. दोनदा. मग उचलला कुणीतरी.

"...वॉर्ड तीन."

बाईचा आवाज. मास्कमागून येतो तसा दबलेला. मागं कुठंतरी ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्याचा बुडबुड आवाज येत होता.

"सर्व्हर रूममधून बोलतेय," अक्षता म्हणाली. वाक्य तोंडात बसलेलं होतं, ते आपोआप आलं. "तुमचं मशीन बंद करतेय. चालेल का?"

"आत्ता नको हो, ताई... बेड अकरा थांबलेत अजून. जेवण तसंच आहे. मुलगी येते म्हणालीय... पाच मिनिटांत."

अक्षतानं रिसीव्हर खाली ठेवला. हळूच ठेवला, झोपलेल्या लेकराला ठेवतात तसा.

हा आवाज ती ओळखत होती. इंद्रायणी सिस्टर. बार्शीकडच्या, चेष्टेखोर, सगळ्यांना ताई-दादा म्हणणाऱ्या. एकवीसच्या मे महिन्यात त्याच वॉर्डात त्या स्वतः गेल्या. त्यांचा हार घातलेला फोटो वर रिसेप्शनला लावलेला आहे, अक्षता रोज त्याच्या खालून जायची.

आणि बेड अकरा म्हणजे तिचे अप्पा.

सिद्धप्पा बिराजदार. नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं गज हातात धरला. गिऱ्हाइकाला कधी कापड कमी मोजलं नाही आणि कुणाचं भांडं कधी रिकामं परत धाडलं नाही. शेजारून वाटी आली तर जाताना त्यात काहीतरी गेलंच पाहिजे, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. त्यावरून आईशी वाद व्हायचे. अक्षताला ते 'अक्की' म्हणायचे. कानडीत अक्की म्हणजे तांदूळ. घराबाहेर हे नाव कुणालाच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये त्यांना वॉर्ड तीनमध्ये ठेवलं. अक्षता रोज खाली गेटवर डबा द्यायची. पाचव्या दिवशी दुपारी सिस्टरचा फोन याच खोलीत आला होता. ताई, अकरा नंबर तुम्हाला बोलावतायत, जेवत नाहीत, म्हणतात पोरगी येऊ दे. तुम्ही स्टाफच आहात, किट घाला आणि या. त्या दिवशीही मुकादम अडकला होता. सगळे वॉर्ड ओरडत होते. अक्षता म्हणाली, "सांगा त्यांना, पाच मिनिटांत येते." ती चार तासांनी मोकळी झाली. तोवर अप्पांना पिशवीत घालून चेन ओढली होती.

काम होतं हे खरं. पण खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटली होती. वर जायची, त्यांना तसं बघायची. कामामागं लपली ती. हे तिनं आईला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचं दुःख वेगळंच. बिराजदारांच्यात गेलेल्या माणसाला बसवून माती देतात, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. महापालिकेच्या माणसांनी त्यांना आडवंच नेलं. "झोपवून नेलं गं त्यांना," एवढं एकच वाक्य आई चार वर्षं म्हणत होती.

साडेतीन वाजायला आले. एंटरवर बोट होतं, दाबायची देर होती. वर एक जिवंत माणूस टेबलावर जायचा होता, आणि इथं त्या नवव्या मशिनात मेलेल्या माणसाचं नाव अजून 'दाखल' म्हणून बसलं होतं. कुणीही दाबलं असतं. अक्षतानं पुन्हा तीन-एक-एक लावला.

या वेळी रिंग वाजलीच नाही. उचललेलाच होता.

"ताई... निघालात का?"

मागं बुडबुड. आणि त्याच्याही मागं एक खोकला. कोरडा, दोन तुकड्यांत, शेवटी घसा खाकरलेला. चाळीस वर्षांच्या सुती तंतूंचा खोकला.

"आले," अक्षता म्हणाली.

जुन्या इमारतीच्या दाराशी वॉचमन रुद्रप्पा खुर्चीत पेंगत होता. किल्ली मागितली तसा दचकून उठला.

"तितं काय हाय मॅडम? तीन वर्सं कुलूपच हाय की."

"काम आहे. पाच मिनिटं."

"मी येतो संगट."

"तुमी हितंच थांबा."

तो थांबला. नंतर तो सांगायचा, मॅडमच्या तोंडाकडं बघून माजी हिंमतच झाली न्हाय.

तिसरा मजला, पत्र्याखालचा. वाफ मारत होती नुसती. जिन्याचा कठडा हाताला पोळत होता. कुलूप उघडलं आणि आत फिनेलचा वास आला. तीन वर्षं बंद असलेल्या खोलीत ताज्या पोछ्याचा. त्याखाली अगदी बारीक, लसूण घालून कुटलेल्या शेंगाचटणीचा.

बारा खाटा भिंतीला लागून, धूळ खात. त्यांवर रेक्झिनच्या गाद्या. खिडकीच्या कठड्यावर ओळीनं बारा डबे पालथे घातलेले. कोरोनात डबे परत मिळत नव्हते, वॉर्डातल्या कचऱ्याबरोबर जायचे, हे साऱ्या गावाला माहीत आहे. हे धुऊन ठेवले होते. एका डब्याच्या काठावरून पाण्याचा थेंब सुटला, खाली धुळीत पडला, आणि धुळीत एवढासा खड्डा झाला. अक्षता त्या खड्ड्याकडं बघत राहिली.

अकरावी खाट शेवटून दुसरी. गादीवर बोटभर धूळ होती, एक जागा सोडून. मधोमध गादी दबलेली, स्वच्छ. आडव्या माणसाची लांब खूण नव्हती ती. गोल होती, दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले. कुणीतरी मांडी घालून, ताठ बसलं होतं तिथं. फार वेळ.

तिनं त्या जागी तळवा ठेवला. एवढ्या भट्टीत तेवढीच जागा गार होती. खाली सर्व्हर रूममध्ये असते तेवढी.

"अप्पा," ती म्हणाली. "आले."

कुणी ओ दिली नाही. ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली. सेकंदाचा काटा पाच वेळा फिरेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. उशिरा का होईना, कबूल केलेलं पुरं करायचं होतं. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पण तिसऱ्या मिनिटाला तिला भूक लागली. कडकडून, चार वर्षांत लागली नव्हती तशी. म्हणून ती घाबरली.

उठताना तिनं कठड्यावरचा अकरावा डबा घेतला. दोन पुडाचा, स्टीलचा, कडी लावलेला. झाकणावर मशिननं कोरलेलं आईचं नाव, सौ. दानम्मा सिद्धप्पा बिराजदार. डबा बाहेरून ओला होता. तिनं तो ओढणीत गुंडाळला, आणि आत काय आहे ते बघितलं नाही.

खाली येऊन तिसऱ्यांदा फोन लावला. बराच वेळ काही नाही, बुडबुडही नाही. मग कुणीतरी रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात दिल्यासारखं झालं.

"मशीन बंद करू का?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता.

खोकला. दोन तुकडे. घसा खाकरणं.

"कर की, अक्की... जेवण झालं माझं."

फोन मुका झाला. साधा टोनसुद्धा राहिला नाही. अक्षतानं वही ओढली, बावीस सालचं पान काढलं आणि मोकळ्या रकान्यात लिहिलं, सिद्धप्पा बिराजदार. मग एंटर दाबला.

पडद्यावर यादी आली. आठ मशिनं, शिस्तीत. तिनं लॅबचं बंद केलं, चालू केलं, आणि चाराला सात मिनिटं कमी असताना पूनम फोनवर ओरडली, "निघाले की ओ मॅडम! सगळे निघाले! काय होतं?"

"एक जण थांबला होता," अक्षता म्हणाली. पूनम हसली.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी सातला अक्षता शेळगीला घरी पोचली. अजून उजेड होता, बायका दारात पाणी मारत होत्या. आई आत स्वयंपाकाच्या कट्ट्यावर भाकरी थापत होती. मागं न बघताच तिनं जेवलीस का म्हणून नेहमीचं कानडीत विचारलं, "ऊटा माडिदी?" आणि अक्षता म्हणाली, "नाही आई. भूक लागलीय. लई." आईचा हात थांबला. तिनं वळून बघितलं, तर अक्षताच्या हातात डबा.

आईनं पिठाचे हात पदराला पुसले, झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं, कडी काढली. वरचा पूड रिकामा, लखलखीत. खालच्या पुडात मधोमध चिमूटभर साखर. कोरडी, मोकळी, दाणा न् दाणा सुटा. सोलापुरातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. साखर ओट्यावर घटकाभर उघडी राहिली तर मुंग्यांची रांग लागते. या साखरेला एक मुंगी लागली नव्हती.

"रिकामा डबा कधी दिला न्हाई त्यांनी," आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "वेळ लागला एवढंच."

"आई, नको... खाऊ नको ते."

आईनं त्यातली अर्धी उचलून तोंडात टाकली. डोळे मिटले. मग उरलेली चिमूट अक्षतापुढं धरली. अक्षताला कळेना काय करावं. शेवटी तिनं तोंड उघडलं. साखर जिभेवर पडली आणि गोड लागली. चार वर्षांनी काहीतरी गोड लागलं, आणि तिथंच स्वयंपाकघरात खाली बसून ती ओक्साबोक्शी रडली. आई तिच्या डोक्यावरून पिठाचा हात फिरवत राहिली. "ये की आता, जेव," म्हणत राहिली.

दोघी ताटावर बसल्या तेव्हा मोबाइल वाजला. हॉस्पिटलचा नंबर, शेवटी तीन-एक-एक. अक्षतानं उचलला नाही. तो थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आईच म्हणाली, "घे की. कुणाचं तरी अडलं असंल."

तिनं फोन कानाला लावला. बुडबुड आवाज येत होता. आधी एकाच बाटलीचा, मग कान सरावला तसा पुष्कळ बाटल्यांचा.

"ताई," इंद्रायणी सिस्टर हळूच म्हणाल्या, "तुम्ही आलात ते बाकीच्यांनी बघितलं हो... बेड बाराच्या घरचा नंबर आहे का तुमच्याकडे?"